चोवीस फूट सात इंच

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढचं पान उघडा. मी पुण्याची आहे, मला आग्रह करायची सवय नाही.

अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... यातलं काहीही इथे मिळणार नाही. रात्रसुद्धा नाही.

रविवार होता. २१ एप्रिल १९९१. दुपारचे साडेबारा. कोथरूडच्या जुन्या गावठाणात, सर्जेरावांच्या घरामागे एक बंद तालीम होती. तिथे.

माझं नाव सुनीती. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, लोक मला मॅडम म्हणतात. तेव्हा मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पेंडसे सर मला 'ठोंब्या' म्हणायचे.

दुसऱ्या वर्षाला मेझर्ड ड्रॉइंग नावाचा छळ असतो. एखादी जुनी इमारत निवडायची, टेपने इंच इंच मोजायची आणि जशीच्या तशी कागदावर उतरवायची. तिघांचा गट. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा, तिसऱ्याने लिहायचा.

लिहायची मी. टोक धरायचा श्यामसुंदर. आकडा वाचायची आणि नंतर कागदावर चित्र काढायची ती उल्का.

उल्काबद्दल सांगायलाच हवं. येरवड्याची. वडील नव्हते, आई साड्यांना फॉल लावून द्यायची. उल्का शिष्यवृत्तीवर शिकत होती. एका विषयात नापास झाली की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद की कॉलेज बंद. पण हात काय होता तिचा! शाईच्या पेनने रेघ मारायला लागली की पेंडसे सर तिच्या टेबलामागे येऊन गप्प उभे राहायचे. ते गप्प राहणं म्हणजे काय, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्यालाच कळेल.

मला तिचा हेवा वाटायचा. उगाच खोटं कशाला बोलू.

श्यामसुंदर सर्जेरावांकडे भाड्याने राहायचा, म्हणून ती तालीम आम्हाला मिळाली. पंचवीस वर्षं कुलूप होतं. सर्जेराव कुलूप उघडताना म्हणाले,

"काय मोजायचं ते मोजा. पर हौद्यात पाय टाकायचा न्हाई. बायामानसांनी तर न्हाईच न्हाई."

जसं काही आम्ही दोघी लंगोट कसूनच आलो होतो.

तालीम म्हणजे एकच मोठी खोली. कमरेत वाकून आत शिरायचं, इतकं बुटकं दार. जाड दगडी भिंती. वर छताजवळ दोन झरोके, तेवढाच काय तो उजेड. मधोमध हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची जागा, लाल मातीने भरलेली. भोवती हातभर रुंदीचा दगडी कट्टा. कोनाड्यात मारुती.

पंचवीस वर्षं बंद असलेली जागा. कोळ्यांची जाळी, वटवाघळांची घाण, सगळं होतं. पण माती...

माती ओलसर होती. भुसभुशीत. तेलाचा आणि ताकाचा वास येत होता तिला.

"काका, माती कोण कालवतं?" श्यामसुंदरने विचारलं.

"कुनी न्हाई," सर्जेराव म्हणाले, आणि निघून गेले.

आम्ही कट्ट्यावरूनच सगळं मोजलं. मी ओरडायची, "धर." श्यामसुंदर टोक भिंतीला लावून धरायचा. उल्का आकडा सांगायची, मी लिहायची. मग मी ओरडायची, "सोड." तो टोक सोडायचा, उल्का टेप गुंडाळायची. धर, सोड. धर, सोड. दिवसभरात दीडशे वेळा तरी झालं असेल. घसा बसला माझा.

आणि इतकं करून मी एक माप विसरले.

कर्ण. या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं माप. खोली काटकोनात आहे की वाकडी, ते कर्ण मोजल्याशिवाय कळत नाही. चार बाजू असल्या तरी चौकोन कागदावर पक्का बसत नाही, इकडे तिकडे कलतो. आर्किटेक्चरच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात हे. मी घरी आल्यावर वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

परत जायचं? एवढ्या उन्हात? छे.

मी गणित केलं. हौदा अठरा बाय सोळा. काटकोनात आहे असं धरलं, तर कर्ण चोवीस फूट एक इंच. दोन्ही कर्णांपुढे तेच लिहिलं. दिलं ठोकून.

कुणाला सांगितलं नाही. उल्काने त्या आकड्यावर अख्खी शीट काढली.

शुक्रवारी पेंडसे सर आले, शीटपुढे उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला. सगळा वर्ग बघत होता.

"अरे वा! दोन्ही कर्ण सारखे? पाव इंचाचाही फरक नाही? पुण्यात दोनशे वर्षांत कुणाला काटकोनात खोली बांधता आली नाही, आणि कोथरूडच्या पैलवानांना जमलं. पेढे कुठायत?"

वर्ग हसला.

"मोजलंत की ठोकलंत?"

"मोजलंय सर," उल्का म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"सोमवारी चार वाजेपर्यंत खरा कर्ण. नाहीतर तिघांनाही शून्य. आणि आपल्या शिष्यवृत्तीचा अर्ज कार्यालयात मीच परत पाठवीन. समजलं ना आपल्याला?"

पेंडसे सर 'आपण' म्हणायला लागले की समजावं, संपलं.

बाहेर आल्यावर उल्काने माझा दंड धरला. "सुनीती, तू खरंच मोजलं होतंस ना गं?"

"हो गं बाई. टेप सैल राहिली असेल."

इतकं सहज बोलले मी.

रविवारी आम्ही दोघीच गेलो. श्यामसुंदर बहिणीच्या लग्नाला सांगोल्याला गेला होता. सर्जेराव जेवून ओट्यावर बसले होते. अंगणात त्यांची बायको, मुक्ताबाई, बाजेवर कुरडया वाळत घालत होती.

"परवा मोजलं की समदं," सर्जेराव वैतागून म्हणाले.

"एकच माप राहिलंय काका. हौद्याचं. तिरकं."

"म्हंजी हौद्यावरनं टेप न्यायची?"

"वरूनच. पाय नाही टाकणार."

त्यांनी कमरेची किल्ली काढली. मग माझ्यापुढे टाकली. हातात दिली नाही, टाकली. "बिगीनं उरका."

कुलूप उघडलं. मी चपला भिरकावल्या आणि वाकून आत शिरले.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आत काळोख. काही म्हणता काही दिसेना.

मी हौद्याच्या डावीकडच्या कोपऱ्याशी कट्ट्यावर बसले. टेपची डबी माझ्याकडे होती. टेप घसरू नये म्हणून तिचा एक वेढा मी मनगटाला घेतला, तशी सवयच असते. दुसरं टोक हौद्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात फेकलं. टोकाला पितळी कडी होती. ती दगडावर खण्णकन वाजली.

मागून उल्का आत आली. अनवाणी पावलं कट्ट्यावरून पलीकडे गेल्याचं मला ऐकू आलं. थप... थप... थप... आणि थांबली. बरोबर समोरच्या कोपऱ्यात.

"धर गं," मी म्हणाले.

टेप उचलली गेली.

हळूच ताणली गेली. छान, सरळ, कुठे झोळ नाही. श्यामसुंदरला असं कधी जमलं नव्हतं. मी टॉर्च लावून आकडा वाचला. चोवीस फूट सात इंच. तब्बल सहा इंचांचा फरक! वहीत लिहिला.

"उल्का, कोपऱ्याला नीट टेकवलंयस ना?"

मी मान वर न करता पुन्हा विचारलं.

"अगं, तोंडात काय मूग भरलेत?"

आणि उल्काचा आवाज आला...

माझ्या मागून. दाराबाहेरून.

"थांब की जरा! या सँडलचा पट्टा निघत नाहीये. आले."

टेप तशीच ताणलेली होती.

मी टॉर्च समोर मारला. कोपऱ्यात कुणी नव्हतं. टेपचं टोक कोपऱ्याच्या दगडाला टेकलेलं होतं, जमिनीपासून दोन हात वर. हवेत. कडी जराही हलत नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना.

मग टेप ओढली गेली.

एकदाच. जोरात. मी कट्ट्यावर गुडघ्यांवर आले. मनगटाचा वेढा आवळला. दुसरा हिसका... माझे हात हौद्यात गेले, कोपरापर्यंत. माती गार होती. आणि तेवढ्यात...

शड्डू!

पैलवान मांडीवर हात मारतात ना, कुस्तीला उतरताना, तो आवाज. बंद खोलीत, माझ्यापासून चार हातांवर. फाट्कन. लगेच दुसरा.

"सुनीती!" उल्का आत आली होती. तिने मला हौद्यात ओढली जाताना पाहिलं आणि कसलाही विचार केला नाही. कट्ट्यावरून वाकून उजव्या हाताने माझ्या मनगटापुढची टेप पकडली आणि मागे ओढली.

वेढा सैल झाला.

मी हात सोडवून घेतला.

आणि पळाले.

हो, पळाले. ती टेप धरून उभी होती, माझ्यासाठी, आणि मी तिला तिथे टाकून दाराबाहेर उडी मारली. वाकायचंही भान नव्हतं, चौकटीवर डोकं आपटलं.

बाहेर लख्ख ऊन. मुक्ताबाई कुरडया उलटत होती. तिने वर पाहिलं.

"काय गं पोरी? तुझ्यासंगं दुसरी व्हती न्हवं?"

माझे दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात. आतून आवाज येत होते. मातीवर काहीतरी जड आपटल्याचे. धप्प... मग शांत. मग पुन्हा धप्प...

उल्काचा आवाज मात्र नव्हता.

मला जायला हवं होतं. पाचच पावलं होती.

उल्का आपली आपण बाहेर आली, किती वेळाने ते देव जाणे. केस सुटलेले. पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत लाल माती, दाबून लावल्यासारखी. उजवी मूठ घट्ट मिटलेली आणि मुठीत टेपचा वीतभर तुकडा.

"पडले गं मी," ती म्हणाली. एवढंच. "कुणीतरी... जाऊ दे. माप मिळालं का?"

"मिळालं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पाठ धुवायला नळावर गेली.

सर्जेराव ओट्यावरून उठून आले. तिची पाठ त्यांनी पाहिली होती. कुस्तीच्या भाषेत पाठीला माती लागणं म्हणजे काय, ते त्यांना मी सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत काय बोललीस?"

"काही नाही. धर म्हटलं. टेप धर."

"आनि सोड?"

मी मनगट चोळायला लागले.

"भवाने, सोड म्हनलीस का न्हाई?"

"नाही."

त्यांनी हळू आवाजात, उल्काला ऐकू जाणार नाही असं, भराभर सांगितलं. या तालमीत गेनबा वस्ताद होते. दोघांना हौद्यात उतरवलं की ते 'धर' म्हणायचे. मग कुस्ती. त्यांनी 'सोड' म्हटल्याशिवाय पकड सोडायची नाही, पाठ लागली तरी नाही, जीव गेला तरी नाही. असा तालमीचा दंडक. सहासष्ट साली गेनबांनी 'धर' म्हटलं आणि ते जागच्या जागी कोसळले. गेलेच. सगळे त्यांच्याकडे धावले. हौद्यातल्या दोघांकडे कुणी पाहिलं नाही.

"माझा थोरला भाऊ, बजरंग, खाली व्हता. वरच्याचा दाब त्याच्या मानंवर. त्यानंबी सोडलं न्हाई अन् वरच्यानंबी न्हाई. सोड म्हनायला वस्ताद ऱ्हायला कुठं? आमी आलो तवर बजरंग संपला व्हता. त्याची बोटं एकेक करून उकलावी लागली."

ते माझ्या अगदी जवळ आले.

"ज्यानं धर म्हनलं, त्यानंच सोड म्हनायचं. हौद्याच्या कडंला हुभं ऱ्हाऊन. जा पोरी. एक सबूद हाय. बोल आनि ये."

मी दाराकडे पाहिलं. आतल्या काळोखाकडे पाहिलं.

"मी नाही जाणार," मी म्हणाले.

"तुझ्या मैत्रिनीसाठी?"

"नाही."

लिहिताना आजही शरम वाटते. पण नाही म्हणजे नाहीच गेले.

सर्जेराव माझ्या पायाजवळ थुंकले आणि दाराला कुलूप घातलं.

नळावर उल्का उभी होती. पाठ धुऊन झाली होती. हातात तांब्या होता, रिकामा. ती माझ्याकडे बघून हसली.

"अगं, गंमत बघ. तांब्या सुटतच नाहीये हातातून."

मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिने शीट पुन्हा काढली. मी सांगितलेल्या मापाने. आणि ऐका, अंगावर काटा येतो तो इथे. चार बाजू आणि चोवीस फूट सात इंचांचा कर्ण. चौकोन असा बसला की बस! एक कोपरा बाहेर कललेला, आणि बाहेरून घेतलेल्या भिंतींच्या मापांशी पाव इंचाचा फरक नाही. पेंडसे सरांनी दोनदा ताळा केला. मग त्या आकड्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

"हे माप मात्र चोख घेतलंय. टोक कुणी धरलं होतं?"

मी वही बंद केली.

"बरं. पेन ठेवा आता, झालं काम," सर उल्काला म्हणाले.

उल्का उभीच. पेन तिच्या हातात.

"ऐकू येत नाही का आपल्याला? ठेवा पेन."

"ठेवते सर," ती म्हणाली. बोटं पांढरीफटक पडली होती. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. मी टेबलाखाली तिचा हात घेतला आणि बोटं सोडवली. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. फार जोर लावावा लागला. ती दुसरीकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं.

पास झालो. तिघंही.

पण हात काही बरा झाला नाही. जे धरेल ते सुटायचं नाही. पेन, पट्टी, चहाचा कप, दाराची कडी. डॉक्टर झाले, एक्स-रे झाले, येरवड्यातले झाडपालेवाले झाले. हाडात काही नाही, शिरेत काही नाही. "मनाचं आहे," असं एकाने सांगितलं. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिची रेघ वाकडी व्हायला लागली. पेन उचलून पुढच्या रेघेवर नेताना बोटं इतकी आवळायची की निबच मोडायचं. चौथ्या वर्षाला ती आली नाही. आईने मला दारातून हाकललं. "तुमच्यासंगं गेली आन् हात घालवून आली," म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

उल्का एका शाळेत चित्रकलेची बाई झाली. फळ्यावर डाव्या हाताने काढायची.

तिला मी सांगितलं नाही. ठोकलेला आकडाही नाही, सर्जेराव काय म्हणाले तेही नाही. एक शब्द होता फक्त. आज जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊ, नोकरी लागल्यावर जाऊ. अठ्ठ्याण्णव साली ती तालीम पाडली. तिथे सोसायटी उभी राहिली. मला हायसं वाटलं, हे सांगितलं तर तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

मे २००९. आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन होतं. उल्का आली होती. किती छान दिसत होती! कोकम सरबताचा ग्लास उजव्या हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. सगळे जेवायला उठले तरी ती उठली नाही. मला कळलं. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि बोटं सोडवली. अंगठा, तर्जनी, मधलं.

"तुला अजून जमतं की," ती हसून म्हणाली. "नवऱ्याला नाही जमत. त्याला भीती वाटते, मोडेल म्हणून."

त्या रात्री मी ढसाढसा रडले.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ९ मे रोजी, कोथरूडला गेले. सोसायटीच्या वॉचमनने वही पुढे केली. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली. बारा पंधरा. 'कुणाकडे' या रकान्यात काय लिहू? 'प्लंबिंग' लिहिलं.

जिथे हौदा होता तिथे पार्किंग आहे. चारचाकी दोन, स्कूटर बऱ्याच. मी अंदाजाने तो कोपरा शोधला. खांबाला टेकून उभी राहिले. लोक वेडी म्हणाले असते, म्हणोत.

"सोड," मी म्हणाले. हळूच.

काही नाही.

मग नीट, मोठ्याने. तालमीत मी ओरडायची तशी. "सोड!"

दोन गाड्यांच्या मधून... माझ्या अगदी जवळून... कुणीतरी लांब श्वास सोडला. फार वेळ उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं, तसा.

पार्किंगमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मला भीती नाही वाटली. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली नाही! सुटली, असंच वाटलं. सुटली माझी उल्का! बाहेर येऊन मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. उल्काला फोन लावला, लागला नाही. संध्याकाळी लावू म्हटलं. सगळं सांगायचं होतं मला, अगदी पहिल्यापासून. पायथागोरससकट.

संध्याकाळी श्यामसुंदरचा फोन आला.

उल्का येरवड्याहून बसने स्वारगेटला निघाली होती. गर्दी होती. मागच्या दारात उभी होती, दांडा धरून. उजव्या हाताने. कंडक्टरने पोलिसांना सांगितलं ते श्यामसुंदरने मला जसंच्या तसं सांगितलं. ब्रेक लागला नाही. धक्का लागला नाही. बाई नीट उभ्या होत्या. एकदम त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात आपोआप उघडला. बाई खूश झाल्यासारख्या हसल्या, आणि बसने वळण घेतलं.

पंचनाम्यावर वेळ होती. बारा वाजून वीस मिनिटं.

मी बघायला गेले तेव्हा तिला झाकून ठेवलं होतं. हात तेवढा बाहेर होता. उघडा, सपाट, बोटं सरळ. इतका मोकळा हात मी एक्क्याण्णव सालानंतर पाहिला नव्हता.

लोक विचारतात, तुझा भुताखेतांवर विश्वास आहे का. मला ठाऊक नाही. त्या पार्किंगमध्ये श्वास कुणी सोडला, ठाऊक नाही. टेपचं टोक कुणी धरलं होतं, ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तो शब्द माझ्या तोंडून निघायला अठरा वर्षं उशीर झाला.

आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता, तर ती स्वारगेटला उतरली असती.